घोड्यांचा न लागलेला पिक्चर

वालाच्या शेंगा भरू लागल्या की आमच्याकडे माणसं बांधाबांधाने भांबुर्डीचा पाला शोधत हिंडायला लागतात. मडक्याच्या तळाशी पाला, त्यावर शेंगा, ओवा, जाडं मीठ, वरून पुन्हा पाला दाबून बसवायचा, मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा पेटवायचा. झाली पोपटी. मुंबईची मंडळी त्यासाठी रो-रो बोटीत गाड्या घालून येतात आणि मडक्याचेच फोटो काढत बसतात. भांबुर्डीचा तो उग्र वास जरा तापला की माझ्या डोळ्यांपुढे मात्र शेंगा येत नाहीत, घोडे येतात. नदीतून पाणी उडवत येणारे शे-दोनशे घोडे. पोपटीचा आणि घोड्यांचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. मीही तो संबंध इतकी वर्षं कुणाला सांगितला नाही.

यंदा तो विषय प्राचीने काढला. प्राची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. मुंबईत एका ऑफिसात कामाला आहे आणि तिचं काम काय, तर येऊ घातलेला पिक्चर चालेल की पडेल ते आधीच सांगायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, अगं, याचा पगार मिळतो? मी जन्मभर हे फुकट केलं! रविवारी ती पोपटीला आली, अंगणात खुर्ची टाकून बसली आणि मांडीवर लॅपटॉप उघडून म्हणाली, "मावशी, तुझी गंमत म्हणून विचारते. एक मोठा इंग्लिश पिक्चर येतोय. वेस्टर्न. तीन तासांच्या वर आहे. वाळवंट, टोप्या, बंदुका, घोडेच घोडे. आपल्याकडे चालेल?"

मी शेंग सोलत होते, ती तशीच हातात राहिली.

तिने मला पडद्यावर सगळं दाखवलं. ट्रेलर किती जणांनी बघितला, किती जणांनी अर्ध्यात सोडला, त्याच सुमाराला दुसरा कुठला पिक्चर येतोय, सुट्टी आहे की परीक्षा. खाली गावांची यादी होती आणि प्रत्येक गावापुढे एक रकाना होता, लावायचा की नाही याचा. अलिबागपुढे लिहिलं होतं, "नको". मी विचारलं, हे कुणी लिहिलं? ती म्हणाली, "मीच. अजून पाठवलं नाहीये, बुधवारी पाठवायचंय. अगं, आपल्याकडे कोण बघणार घोडे?" पाल्याचा वास हाताला लागला होता, मी उठून हात धुवायला गेले आणि उगाच बराच वेळ धूत राहिले.

लोक म्हणतात बॉक्स ऑफिसवर अमुक झालं, बॉक्स ऑफिसने तमुक केलं. आमच्या गावात बॉक्स ऑफिस म्हणजे मी होते. अलिबागहून थळकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं थेटर होतं, आणि त्याच्या तिकिटाच्या खिडकीत मी चौदा वर्षं बसले. आमचे हे कोर्टात कारकून, त्यांना आधी ते बरं वाटत नव्हतं, मग घरात फुकट पास येऊ लागले तेव्हा वाटू लागलं. मला गावात नावाने कुणी हाक मारत नसे. खिडकीवाली बाय, एवढंच. बाजारात मासळी घ्यायला गेले तरी, "ये गो खिडकीवाली!"

खिडकी केवढी, तर हात जाईल एवढी. पलीकडचे चेहरे दिसायचे नाहीत, हात तेवढे दिसायचे. थळच्या कोळ्यांचे दोराने कापलेले हात, नखाजवळ एखादा खवला चिकटलेला. आतल्या गावांतल्या शेतकऱ्यांचे भेगाळलेले हात. कारखान्याच्या पाळीवरून आलेल्यांचे साबणाने घासून गुळगुळीत झालेले. बायकांचे हात चुडा वाजवत यायचे आणि तिकिटाआधी प्रश्न यायचा, "रडायचा हाय का गो?" आहे म्हटलं की चार तिकिटं जास्त जायची.

पुढच्या पिक्चरचं पोस्टर माझ्या खिडकीच्या बरोबर वर लावायचे. मला ते कधी दिसलं नाही, पण त्याची गरजच नव्हती. तिकीट हातात पडलं की हात लगेच मागे जातो. पण वरच्या पोस्टरकडे माणूस तोंड वासून बघत असेल तर हात खिडकीतच राहतो, तिकिटासकट. हात जितका वेळ राहील तितका पुढचा पिक्चर मोठा. हे माझं शास्त्र. त्याला दुसरी जोड होती ती तिथीची. आमच्याकडे पिक्चर हिरोवर चालत नाही, चंद्रावर चालतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असतं, पाण्याला ओढ असते, मासळी जाळ्यात येते, मग थळच्या झाडून सगळ्या होड्या समुद्रात. कोळीवाड्यात बाईमाणूस तेवढं उरतं, तेही बोंबील वाळत घालण्यात गुंतलेलं. सप्तमी-अष्टमीला भांगाची भरती. पाणी मंद, होड्या किनाऱ्याला, पुरुष दिवसभर जाळी शिवत घरात, आणि संध्याकाळी घरात करमत नाही. मग सगळा कोळीवाडा थेटरात. म्हणून शुक्रवार भांगाचा आहे की उधाणाचा, हे मी आधी बघायची.

मुंबईहून वितरकाचा माणूस आला की मालक खिडकीसमोर उभे राहून विचारायचे, "बाई, किती?" मी आतून हात बाहेर काढायची. एक बोट म्हणजे एक आठवडा, दोन बोटं म्हणजे दोन. मूठ म्हणजे पडेल, आणू नका. मालकांनी माझी मूठ बघून परत पाठवलेले पिक्चर पुढे पेणला आणि रोह्याला आपटले, अशा गोष्टी वितरकांची माणसं स्वतःच सांगत. मला त्याचा फार गर्व होता. आज लपवून काय करू? नवऱ्याचा पगार वाढला तेव्हा झाला नाही एवढा आनंद मला "बाई चुकत नाही" हे ऐकून व्हायचा.

वरच्या मजल्यावर मशीन चालवायला हिराजी होता. थळचाच कोळी. गुडघा कामातून गेला म्हणून होडी सुटली आणि तो मशीनच्या खोलीत आला. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, पण थेटरात त्याला सगळे अरे-तुरेच करत, मीही. माणूस अबोल. रोज दुपारी चहाचा ग्लास घेऊन माझ्या खिडकीपाशी यायचा, दोन घोट घ्यायचा, "काय बाय, हवा कशी हाय?" विचारायचा आणि लंगडत जिना चढून जायचा. हवा म्हणजे गर्दीची हवा.

या अबोल माणसाला एकच वेड, घोड्यांच्या पिक्चरचं. तरुणपणी मुंबईला ससून डॉकवर मासळी उतरवायला गेला असताना त्याने तसला एक बघितला होता. भाषा कळली नाही, गोष्ट कळली नाही. मला म्हणाला होता, "बाय, त्या पिक्चरमदी जमीन अशी दिसते गो, जसा खोल दर्या. कुठं झाड न्हाय, घर न्हाय. एकलाच मानूस चाललाय. मना वाटला, यो तं आमचाच मानूस हाय, होडीवरचा." मी हसले होते. म्हटलं, कोळ्याला घोडे कशाला रे? तर म्हणाला, "तुला न्हाय कलायचा."

त्या वर्षी, अशाच पोपटीच्या दिवसांत, एक मोठा वेस्टर्न पिक्चर यायचा होता. हिंदीत बोलता केलेला. त्याचं ट्रेलर दुसऱ्या पिक्चरबरोबर आमच्याकडे आलं आणि मध्यंतराआधी लागायचं. मी माझ्या खोलीत बसून नुसता आवाज ऐकायची, आधी लांबून, मग भिंत हादरेपर्यंत टापा. घोड्यांचा कळप नदी ओलांडतो, असं ते दृश्य. एकदा हिराजीने सकाळी थेटर रिकामं असताना मला बोलावून आत बसवलं आणि फक्त माझ्यासाठी ते लावलं. मागच्या शेतात कुणीतरी पोपटी लावली होती, भांबुर्डीचा वास दारातून आत येत होता आणि पडद्यावर शे-दोनशे घोडे पाण्यातून माझ्या अंगावर आले. खरंच सांगते, मी पाय वर घेतले. हिराजी वरच्या भोकातून हसत होता.

त्याने काय नाही केलं त्या पिक्चरसाठी! रुंद चित्राची जी वेगळी काच लागते, ती आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून ठेवलेली होती, ती काढून रोज पुसायचा. असल्या गुडघ्याने शिडीवर चढून सगळा पडदा ओल्या फडक्याने पुसला. खाली शिडी धरून त्याची बायको जानकी उभी, डोक्यावर बोंबलांची पाटी तशीच. ती ओरडत होती, "उतर, मरशील! काय लगीन हाय काय पडद्याचा?" आणि वरून हिराजी म्हणतो, "लगीनच हाय समज."

मालकांच्या मनात मात्र दुसरंच चाललं होतं. घराघरात टीव्ही आला होता, खुर्च्या मोडत आल्या होत्या. थेटर ठेवायचं की बंद करून जागा भाड्याने द्यायची, हे त्यांचं ठरत नव्हतं. वितरकाचा माणूस यादी घेऊन आला त्या दिवशी मालक खिडकीपाशी आले. मागे हिराजी चहाचा ग्लास घेऊन उभा होता. मालक म्हणाले, "बाई, या घोड्यांच्या पिक्चरवर मी सोडलंय. हा ओढला तर आणखी एक वर्ष काढू. नाही तर नमस्कार. नीट विचार करून सांगा, किती?"

हात खिडकीत राहत होते, हे मला ठाऊक होतं. आठ दिवस मी ते बघत होते. कोळ्यांचे, शेतकऱ्यांचे, कॉलेजातल्या पोरांचे हात तिकीट घेऊन तसेच थांबत होते. बायकांचे तेवढे झटकन मागे जात. पण मी म्हटलं, गाणं नाही, रडणं नाही, बायका फिरकणार नाहीत. आणि मग कॅलेंडरकडे बघितलं. पेपरातल्या जाहिरातीत शुक्रवार छापलेला होता, तो पौर्णिमेचा निघाला. उधाण! कोळीवाडा सगळा समुद्रात. मी दुसरा विचारसुद्धा केला नाही. खिडकीतून हात बाहेर काढला आणि मूठ दाखवली.

मालक बरं म्हणाले. वितरकाच्या माणसाला म्हणाले, आठ दिवसांत कळवतो, पण बहुतेक नाहीच. हिराजीचा चेहरा मला दिसला नाही. ग्लास तेवढा दिसला, त्यातला चहा संपलेला नव्हता, तो तसाच घेऊन तो वर गेला.

त्याच संध्याकाळी घरी कॅलेंडर बघत होते, बहिणीकडे सत्यनारायण होता त्याची पौर्णिमा शोधत. बोट पौर्णिमेच्या त्या शुक्रवारवर गेलं आणि तिथेच थांबलं. पेपरातली तारीख मुंबईची होती. आमच्याकडे पिक्चर मुंबईनंतर एक आठवड्याने यायचा. चौदा वर्षांत मी तो आठवडा धरायला कधी विसरले नव्हते, त्या दिवशी विसरले. बोट एक रांग खाली नेलं. अष्टमी. भांगाचे दिवस. होड्या किनाऱ्याला, कोळीवाडा रिकामा बसलेला, आणि खिडकीत थांबणारे ते सगळे हात. पिक्चर ओढणार होता. निदान पहिला आठवडा तर भरून ओढणार होता.

सांगायचं होतं एवढंच, मालक, माझी चूक झाली, मूठ नाही, दोन बोटं. किती सोपं होतं! आणि हातात आठ दिवस होते. पहिल्या दिवशी म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी मालक कुणाला तरी माझ्या खिडकीसमोरच सांगत होते, "आमच्या बाईने मूठ दाखवली म्हणजे विषय संपला." ते ऐकून मी आत सुखावले. हो, सुखावले! त्यानंतर कुठल्या तोंडाने सांगणार होते? स्वतःलाच समजावत राहिले की तिथीवर काय सगळं असतं, पिक्चर तसाही पडला असता. आठव्या दिवशी मालकांनी नकार कळवला.

ते आठ दिवस हिराजी रोज चहा घेऊन येत होता, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ थांबत होता. "काय बाय, हवा कशी हाय?" मी म्हणायची, ठीक आहे. एकदा, सहाव्या की सातव्या दिवशी, ग्लास फिरवत म्हणाला, "बाय, यंदा पौर्निमा कवा पडते गो?" मी खेकसले, "कॅलेंडर तुझ्या घरी नाही का?" जिन्यावर त्याच्या पायाचा आवाज तेवढा ऐकू आला.

होळीआधी थेटर बंद झालं. आता पिक्चर अलिबागच्या नव्या थेटरात लागतात आणि आमच्या जागी टाईल्सचं दुकान आहे, दुसरी घरं बांधणाऱ्या मुंबईकरांची तिथे रीघ असते. मीही एकदा बाथरूमच्या टाईल्स बघायला गेले होते. माझी खिडकी बुजवून तिथे नळांचे नमुने टांगलेत. मुलगा म्हणाला, आई, हा रंग बरा आहे. मी म्हटलं, कुठलाही घे बाबा, आणि बाहेर येऊन उभी राहिले.

तो पिक्चर मी बघितला. हेही कुणाला माहीत नाही. मुंबईला बहिणीकडे बाळंतपणाला गेले होते, प्राचीच पोटात होती तेव्हा, आणि दुपारी भाजी आणायला म्हणून बाहेर पडले ती थेटरात शिरले. लागून कितीतरी आठवडे झाले होते, तरी मागच्या रांगेत जागा मिळाली. काय पिक्चर होता! एक म्हातारा आपला कळप घेऊन निघतो, सगळे सोडून जातात, तो चालत राहतो. शेवटी नदीपाशी येतो. तिथे बायका नव्हत्या, गाणं नव्हतं, आणि मी पदर तोंडात कोंबून रडत होते. माझ्या शेजारचा मुकादमासारखा माणूसही नाक ओढत होता. रडायचा होता गो पिक्चर! मला विचारलं असतं त्या बायकांनी, तर मी छातीवर हात ठेवून हो म्हटलं असतं. घरी आले तर बहीण म्हणाली, भाजी कुठाय?

पुढे काही वर्षांनी आम्ही सगळे काशीदला गेलो. सुरूच्या बनात गाड्यांची गर्दी, वाळूवर पर्यटकांना पाठीवर घेऊन घोडे हेलपाटे घालत होते. बरगड्या दिसणारे, गोंडे लावलेले, मान खाली घातलेले. एका बंगल्याच्या फाटकापाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर खाकी शर्टातला एक माणूस बसला होता आणि त्या घोड्यांकडे टक लावून बघत होता. हिराजी. राखणीला लागला होता. मला बघून इतका खूश झाला की खुर्ची पुसून मला बसायला दिली आणि आपण उभा राहिला, तसल्या गुडघ्याने. घरचं, दारचं बोलून झालं. मग म्हणाला, "बाय, त्यो पिक्चर तू कवा बगितलास काय गो? कसा व्हता?"

केवढा सोपा प्रश्न! तो माझी चूक विचारत नव्हता, हिशेब मागत नव्हता. त्याला फक्त ऐकायचं होतं. मी त्याला नदी सांगू शकले असते, म्हातारा सांगू शकले असते, ती जमीन कशी समुद्रासारखी दिसते ते सांगू शकले असते. आणि मी म्हटलं, "काही नाही रे. पडेलच होता. लोक मधूनच उठून जात होते."

"असा काय?" तो म्हणाला. "मंग बरा झाला, आपले इथं न्हाय लागला तो." आणि पुन्हा घोड्यांकडे बघायला लागला. मुलांनी हाका मारल्या म्हणून मी निघाले. परतीच्या रस्त्यात ह्यांनी विचारलं, गप्प का? मी म्हटलं, ऊन लागलं.

मी कितीदा तरी स्वतःशी भांडले आहे, की त्याला वाईट वाटू नये म्हणून मी खोटं बोलले. खोटं आहे ते. मी माझी मूठ राखली. पहिल्यांदा त्याचं थेटर घेतलं आणि दुसऱ्यांदा त्याचा पिक्चरही घेतला.

दोन वर्षांपूर्वी हिराजी गेला. मी त्याच्या घरी गेले होते, बायकांत बसले, उठले, आले.

सोमवारी, म्हणजे प्राची मुंबईला परतल्याच्या दुसऱ्या दिवशी, मी बाजारात गेले. जानकी अजून बसते तिथे, सुके बोंबील, सोडे, जवळा घेऊन. केस पांढरे झालेत, तोंड तसंच. "ये गो खिडकीवाली," म्हणाली, "आज काय, मुंबईच्या पावन्यांना सोडं देतेस काय?" मी पाटीसमोर बसले ती उठलेच नाही. कसं काय सुरू केलं आठवत नाही. सगळं सांगितलं. शुक्रवार, पौर्णिमा, एक रांग खाली नेलेलं बोट, आठ दिवस, काशीद. गिऱ्हाइकं येत होती, ती एका हाताने त्यांना बोंबील मोजून देत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. मी म्हटलं, "जानकी, त्या शुक्रवारी भांग होता गं. मला माहीत होतं आणि मी बोलले नाही."

तिने बोंबलांवरची माशी हाकलली.

"बाय," ती म्हणाली, "अगो, कोल्याला भांग सांगतेस?"

मला आधी कळलंच नाही.

"त्याला त्याच सांजला ठाव व्हता. घरा आला नि बोलला, बाय चुकली. मुंबईची तारीख धरली तिनं. मी बोल्ले, मंग जा ना मालकाकडं, सांग! तं बोलला, न्हाय, तिची चूक तिनं सांगायची. मी सांगितली तं ती चुगली व्हते, मंग तिच्या बोटाला कोन मान देल? बोलला, बाय सांगल. बाय खोटी न्हाय. उद्या सांगल." जानकीने पाटीवरचं फडकं नीट केलं. "रोज तुझे खिडकीवर यायचा न तो. रोज घरा येऊन बोलायचा, आज न्हाय बोलली, उद्या बोलल. आठ दिस."

मग तो पौर्णिमेचा प्रश्न! जन्मभर चंद्रावर होडी चालवलेला माणूस, तो मला पौर्णिमा विचारत होता. मला वाट करून देत होता, आणि मी त्याच्यावर खेकसले. बाजारात, माशांच्या वासात, माणसांच्या गर्दीत मी तोंडावर पदर घेऊन बसले. जानकीने समोरचं गिऱ्हाईक उरकलं. मग म्हणाली, "आता रडून काय उपेग? तो पिक्चर कसा व्हता ता तरी सांग. खरा सांग."

मी सांगितला. म्हातारा, कळप, सोडून गेलेली माणसं, नदी. तिने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही, जानकीने! संपल्यावर म्हणाली, "त्याला आवडला असता." आणि शेजारणीला हाक मारून सुट्टे मागितले.

घरी येऊन प्राचीला फोन लावला. दुपारचे दोन वाजले असतील, ती जेवत होती. मी म्हटलं, "तुझी ती यादी गेली का गं?"

"नाही, बुधवारी. का?"

"अलिबागपुढचं ते 'नको' पूस. 'लावा' म्हणून लिही."

ती हसली. "मावशी! काय बघून सांगतेस? हात?"

"हात आता कुठे दिसतात? तुमची तिकिटं फोनवर. ऐक, नाही लावलात तर तो इथे पडला की चालला हे कधी कळणारच नाही, आणि तुमचा अंदाज बरोबर ठरेल. असा बरोबर ठरलेला एक अंदाज मी बावीस वर्षं जवळ ठेवलाय. फार वाईट लागतो तो."

मग तिला काय वाटलं कोण जाणे, हळूच म्हणाली, "आणि तुझी तिथी? बघितलीस? तारीख तर जाहीर झालीये."

बघितली होती. चष्मा लावून, बोट ठेवून, दोनदा. आता पिक्चर एकाच दिवशी सगळीकडे लागतो, एक आठवडा धरायचा नसतो, तेही आठवणीने.

"बघितली," मी म्हटलं. "उधाण आहे. होड्या समुद्रात असतील, पहिले दोन दिवस खुर्च्या रिकाम्या दिसतील."

"मग पडेल ना गं! मी सरांना काय सांगू?"

"सांग की कुणीतरी खिडकीवाली बाई म्हणाली, लावा. आणि पडला, तर ती चुकली म्हणून सांग. माझं नाव घालून."